छापखान्यातला जुना पॉवर मॅक जी४ : आधी आतलं वाचवा, मग ओपनबीएसडी घाला

बेळगावच्या शहापुरातल्या एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर हे यंत्र बारा-तेरा वर्षं पडून होतं. लग्नपत्रिकांचे उरलेले गठ्ठे, स्क्रीन प्रिंटिंगच्या मोडक्या चौकटी आणि त्यांच्यामध्ये करड्या रंगाची, चारही कोपऱ्यांना मुठी असलेली पेटी : ॲपलचा पॉवर मॅक जी४. छापखान्याचे मालक नात्यानं माझे कोणी नाहीत, पण गल्लीत सगळेच त्यांना मामा म्हणतात. मामा म्हणाले, "भंगारवाला किलोवर मागालाय. देऊन टाकू काय? बघ की जरा, कशाला तरी येतंय का."

आलं. आता ते ओपनबीएसडी या फुकट मिळणाऱ्या, विंडोजच्या जागी चालणाऱ्या प्रणालीवर, खाली काउंटरच्या मागे बसून कामाच्या फायली सांभाळतं. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याच्या दिवसांत घेतलेले असे मॅक बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या आणखीही काही छापखान्यांच्या माळ्यावर असतील, म्हणून मी काय केलं ते ओळीनं लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इन्स्टॉलर चालवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. खरा वेळ जातो तो त्याच्या आधीच्या तयारीत, आणि माणसं नेमकी तीच गाळतात.

पहिल्यांदा यंत्र ओळखा. मामांचं मॉडेल जुलै २००० मधलं, गिगाबिट इथरनेटवालं, ४०० मेगाहर्ट्झचा एक जी४ प्रोसेसर. हा पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर आहे. आपल्या नेहमीच्या पीसीत इंटेल किंवा एएमडी असतो, त्याच्यासाठी बांधलेलं विंडोज किंवा उबुंटू या प्रोसेसरला कळतच नाही. पेनड्राइव्ह लावून कितीही वेळ बसा, पडदा ढिम्म हलणार नाही. ॲपलनं २००६ पर्यंत आपली सगळी यंत्रं इंटेलवर नेली. पॉवरपीसीसाठी त्यांची शेवटची प्रणाली मॅक ओएस एक्स १०.५, ती २००७ मध्ये आली आणि तीसुद्धा किमान ८६७ मेगाहर्ट्झ मागते. म्हणजे आपल्याला बाद. डेबियन या लिनक्सनं २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून ३२ बिटी पॉवरपीसीचा अधिकृत आधार काढला. उरतात नेटबीएसडी, ओपनबीएसडी आणि काही हौशी लोकांनी जिवंत ठेवलेल्या लिनक्स. मी ओपनबीएसडी निवडली. तिचा इन्स्टॉलर साधा, प्रश्न मोजके, आणि सोबतची माहितीपत्रकं खरंच वाचण्याजोगी असतात. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. नेटबीएसडीही वाईट नाही, पण मला हिची सवय आहे.

या यंत्राकडून काय होणार नाही, तेही मनाशी पक्कं करा. आजच्या वेबसाइट त्यावर उघडणार नाहीत, यूट्यूबचं तर नावच नको. फायली ठेवणं, नेटवर्कवरून त्या देणं-घेणं, बॅकअप, इतकंच. खरं सांगायचं तर एखादं रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, हेच काम कितीतरी कमी विजेत करेल. मामांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "घरात बैल असताना भाड्याचा कशाला आणायचा?" मग विषय संपला.

पुसायच्या आधी

ही माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलेली गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका छापखान्यातला मॅक असाच माझ्याकडे आला. मी त्यातलं फॉन्टचं फोल्डर घाईनं लॅपटॉपमार्फत पेनड्राइव्हवर घेतलं, नावं सगळी दिसली, समाधान मानलं आणि डिस्क पुसली. नंतर उघडून बघतो तर प्रत्येक फॉन्ट शून्य बाइटचा. नाव आहे, आत काही नाही.

कारण असं, की जुन्या मॅकवर एका फाइलला दोन भाग असायचे : डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. त्या काळातल्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टचा सगळा ऐवज रिसोर्स फोर्कमध्ये असतो. विंडोजच्या फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हला हा दुसरा भाग माहीतच नाही, त्यामुळे कॉपी करताना तो गळून पडतो. छापखान्यासाठी हे फारच महागात पडतं. युनिकोडच्या आधीचा मराठी आणि कन्नड मजकूर ज्या फॉन्टमध्ये जुळवला असेल तो फॉन्ट गेला, की जुनी फाइल उघडूनही पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते.

म्हणून सुट्या फायली कॉपी करत बसू नका. अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे सगळी डिस्क एकाच फाइलमध्ये, घ्या. मॅकची बाजूची कडी ओढली की अख्खं दार मदरबोर्डसकट आडवं होतं. इतकी सोयीची पेटी मी दुसरी पाहिली नाही. डिस्क काढा, ती आयडीई म्हणजे जुन्या रुंद पट्टीच्या जोडणीची आहे, तेव्हा आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर लावून लिनक्सच्या लॅपटॉपला जोडा आणि डीडीरेस्क्यू हा डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम चालवा. त्याला तीन नावं द्यायची : आधी मूळ डिस्क, मग प्रतिमेची फाइल, शेवटी नोंदवही. क्रम उलटा झाला तर भरलेल्या डिस्कवर रिकामी फाइल लिहिली जाईल, म्हणून एंटर मारण्याआधी ओळ मोठ्यानं वाचा. नोंदवहीचा फायदा हा, की डिस्क मध्येच अडखळली किंवा लाईट गेली तरी पुढच्या वेळी काम तिथूनच सुरू होतं. डिस्क २० जीबीची होती, पण पंचवीस वर्षांची; रात्रभर लावून ठेवली.

कन्व्हर्टर नसेल आणि मॅक सुरू होत असेल, तर चालू करताना टी दाबून धरा. पडद्यावर फायरवायरचं (यूएसबीसारख्याच एका जुन्या जोडणीचं) चिन्ह तरंगतं आणि अख्खा मॅक बाहेरच्या डिस्कसारखा वागायला लागतो. मात्र समोरच्या संगणकालाही फायरवायर हवं.

प्रतिमा झाली की ती लिनक्सवर फक्त वाचण्यापुरती माउंट करून, म्हणजे डिस्कसारखी जोडून, दोन-चार फोल्डर उघडून बघा. आणि मूळ डिस्क पुसूच नका. कागदात गुंडाळा, वर तारीख लिहा, कपाटात ठेवा. नव्या प्रणालीसाठी दुसरी डिस्क घ्या.

दुरुस्ती आणि जमवाजमव

आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेलं यंत्र खाली आणल्या आणल्या प्लगला लावू नका. दार उघडं ठेवून दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत, पंख्याखाली राहू द्या. धूळ मऊ ब्रशनं काढा. मागे व्होल्टेजचा खटका असेल तर तो २३० वर आहे ना, तेवढं बघा. परदेशातून सेकंडहँड आलेल्या यंत्रावर तो ११५ वर असू शकतो, आणि मग पॉवर सप्लाय एकदाच आवाज करतो.

बोर्डावरची बॅटरी मेलेली असणार हे गृहीत धरा. ती घड्याळाच्या बटणासारखी गोल नसते. अर्ध्या पेन्सिल सेलएवढी, ३.६ व्होल्टची लिथियम. कंप्युटरच्या दुकानात विचारलं तर मान हलवतात. मला ती बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मिळाली, सीएनसी मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे, कारण त्या मशीन चालवणाऱ्या पीएलसी नावाच्या नियंत्रकात हाच सेल लागतो. नंबर सांगा : ईआर १४२५०. आकार जवळपास तोच दिसतो म्हणून १.५ व्होल्टचा साधा सेल कोंबू नका. बॅटरी बदलल्यावर बोर्डावरचं छोटं रीसेट बटण एकदाच दाबा. पुन्हा पुन्हा दाबायचं नाही.

मेमरीला चार खाचा आहेत, पट्ट्या १६८ पिनांच्या पीसी१०० एसडीरॅम. पेंटियम ३ च्या मोडीत काढलेल्या बोर्डावरच्या पीसी१३३ पट्ट्याही चालतात. त्यातली एखादी निम्मीच मोजली जाते, तेव्हा दुसरी लावून बघायची. मुळात यात ६४ एमबी असायची. मी जमवून ५१२ केली. त्याहून कमीत इन्स्टॉल होईल, पण शेवटच्या टप्प्यात फार रखडेल.

डिस्क आयडीई हवी आणि १२८ जीबीच्या आतली, कारण या मॉडेलच्या कंट्रोलरला त्यापुढचं मोजता येत नाही. जुन्या डेस्कटॉपमधली ८० जीबीची मिळाली. डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी, म्हणजे जंपर, मास्टरवर ठेवा. स्लेव्हवर राहिला तर पुढे बूट करताना डिस्क सापडत नाही आणि आपण उगाच प्रणालीला शिव्या घालतो.

मॉनिटर साधा व्हीजीए चालतो. यात एटीआयचं रेज १२८ कार्ड आहे आणि त्याला व्हीजीएचं तोंड आहे. शेजारचं रुंद तोंड ॲपलच्या स्वतःच्या मॉनिटरचं, तिकडे लक्ष देऊ नका. कीबोर्ड यूएसबीचा कोणताही. पीसीच्या कीबोर्डवर विंडोजचं बटण म्हणजे मॅकचं कमांड आणि ऑल्ट म्हणजे ऑप्शन. नेटसाठी वायरच लावा. आत एअरपोर्ट हे वायफाय कार्ड असलं तरी ते पहिल्या पिढीचं, ओपनबीएसडीत फक्त वेप हे वायफायचं जुनं, कमकुवत कुलूप ओळखणारं. आजच्या राउटरशी त्याचं जमणार नाही आणि जमवूही नये.

सीडीबद्दल. ओपनबीएसडीच्या मॅकपीपीसी (पॉवरपीसी मॅकसाठीच्या) विभागात सीडीवर लिहायच्या दोन प्रतिमा असतात. 'सीडी' नावाची छोटी फक्त इन्स्टॉलर सुरू करते आणि बाकी सगळं नेटवरून आणते. 'इन्स्टॉल' नावाची मोठी सगळं सोबत घेऊन येते. गल्लीतलं नेट ऐनवेळी जातं, म्हणून मी मोठीच घेतो. उतरवल्यावर लॅपटॉपवरच तिची शा२५६ बेरीज, म्हणजे फाइल शाबूत असल्याची खूण, जुळवून पाहा. पुढे याचा संदर्भ येणार आहे. कोऱ्या सीडीवर सगळ्यात कमी वेगानं लिहा. पुन्हा लिहिता येणारी चकती वापरू नका. जुन्या ड्राइव्हच्या डोळ्याला ती बऱ्याचदा दिसत नाही.

शून्य आणि बाण

या मॅकमध्ये पीसीला जागं करणारा बायोस नाही. त्याच्या जागी आहे ओपन फर्मवेअर, फोर्थ भाषेवर उभं असलेलं, मुळात सन कंपनीकडून आलेलं. यंत्र चालू करा, 'टंग' असा सूर आला रे आला की विंडोज, ऑल्ट, ओ आणि एफ ही चार बटणं एकदम धरून ठेवा. पांढऱ्या पडद्यावर शून्य आणि त्यापुढे बाण उमटेपर्यंत सोडू नका. पहिल्या फटक्यात जमलं नाही तर कीबोर्ड बदला. काही यूएसबी कीबोर्ड उशिरा जागे होतात.

इथून पुढे टाइप करायच्या ओळी मी फोनवर सांगाव्यात तशा देतोय. सगळं इंग्रजी छोट्या लिपीत. खानापूरच्या एका मित्राला मी अशाच फोनवरून सांगितल्या होत्या. त्यानं 'कॉमा' हा शब्दच अक्षर अक्षर करून टाइप केला आणि अर्धा तास गेला. तर चिन्हांना चिन्हच समजा.

आधी जुन्या सेटिंग पुसून घ्या. 'रीसेट', जोडरेघ, 'एनव्हीरॅम', एंटर. मग 'सेट', जोडरेघ, 'डिफॉल्ट्स', एंटर. मग 'रीसेट', जोडरेघ, 'ऑल', एंटर. यंत्र पुन्हा सुरू होईल. परत तीच चार बटणं धरून आत या.

आता सीडी घाला. ट्रे उघडत नसेल तर 'इजेक्ट', मोकळी जागा, 'सीडी' असं लिहा. मग मुख्य ओळ : 'बूट', मोकळी जागा, 'सीडी', कोलन, स्वल्पविराम, लगोलग 'ओएफडब्ल्यूबूट', मोकळी जागा, तिरकी रेघ, आवृत्तीचा आकडा, तिरकी रेघ, 'मॅकपीपीसी', तिरकी रेघ, 'बीएसडी', टिंब, 'आरडी'. आकडा तुमच्या सीडीवरचा घ्या, टिंबासकट. कोलन आणि स्वल्पविराम यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. दहातल्या नऊ जणांची चूक तिथेच असते. 'कॅन्ट ओपन' असं उत्तर आलं तर एकतर ओळीत चूक आहे किंवा ड्राइव्हला सीडी वाचता आलेली नाही. ओळ दोनदा तपासा, मग दुसरी सीडी जाळा.

सगळं बरोबर असेल तर ओळी धावू लागतात आणि शेवटी एक प्रश्न येऊन थांबतो.

प्रश्नोत्तरं

पहिल्या प्रश्नाला आय, म्हणजे इन्स्टॉल. कीबोर्डला एंटर. यंत्राचं नाव काहीही द्या. मामांनी 'पोटमाळा' सुचवलं, तेच इंग्रजी अक्षरांत दिलं. नेटवर्क कार्ड 'जेम०' असं दिसेल, एंटर मारत गेलात की राउटरकडून पत्ता घेईल. रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड द्या. एसएसएचडी, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून आत येण्याची सोय, सुरू करायचं का? हो. एक्स विंडो, म्हणजे चित्रांचा पडदा, हवी का? नाही, आपल्याला मॉनिटर पुढे लागणारच नाही. एक साधा वापरकर्ता इथेच बनवा. रूटला एसएसएचनं येऊ द्यायचं का? नाही. टाइमझोन आशिया, तिरकी रेघ, कोलकाता.

मग डिस्क : 'डब्ल्यूडी०'. इथे थांबून आकार वाचा. ८० जीबीच्या आसपास दिसतंय ना? मूळ डिस्क कपाटातच आहे ना? डिस्कचे भाग पाडायला ॲपलची पद्धत ठेवायची की पीसीची एमबीआर, असं विचारतो. एमबीआर आणि पूर्ण डिस्क सांगा. सुरुवातीला तो एक छोटा फॅटचा तुकडा कापतो आणि बूट करणारा प्रोग्राम त्यात ठेवतो, कारण ओपन फर्मवेअरला फॅट वाचता येतं, ओपनबीएसडीची फाइलव्यवस्था वाचता येत नाही. पुढच्या मांडणीला ए, म्हणजे आपोआप. सगळ्यात मोठा भाग होमला मिळतो, आपल्याला तेच हवं.

फायलींचे संच कुठून घ्यायचे? 'सीडी०'. संचांच्या यादीत खेळ नको असतील तर वजा चिन्ह, 'गेम', तारा. मग एक प्रश्न येतो आणि त्याला नवखे घाबरतात : सहीची फाइल सापडत नाही, पडताळणी न करता पुढे जाऊ का? सीडीवर ती फाइल नसतेच. आपण प्रतिमेची बेरीज लॅपटॉपवर जुळवली आहे, म्हणून 'येस' असं पूर्ण लिहा. नुसता एंटर मारलात तर उत्तर 'नाही' धरलं जातं आणि तुम्ही गोल फिरत राहता.

आता चहा प्या. संच उलगडल्यावर शेवटी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नव्यानं जोडला जातो, दर यंत्रासाठी वेगळा, सुरक्षेसाठी. नव्या संगणकावर हे लक्षातही येत नाही. ४०० मेगाहर्ट्झवर मात्र पडदा गोठल्यासारखा वाटतो. बंद करू नका. मी पहिल्यांदा बंद केलं होतं.

'अभिनंदन' आलं की एच देऊन थांबवा, यंत्र बंद करून पुन्हा ओपन फर्मवेअरमध्ये या. 'बूट', मोकळी जागा, 'एचडी', कोलन, स्वल्पविराम, 'ओएफडब्ल्यूबूट', मोकळी जागा, तिरकी रेघ, 'बीएसडी'. लॉगिनचा प्रश्न दिसला की जिंकलात. रोज हे टाइप करायला नको म्हणून एकदाच : 'सेटएन्व्ह', मोकळी जागा, 'बूट', जोडरेघ, 'डिव्हाइस', मोकळी जागा, 'एचडी', कोलन, स्वल्पविराम, 'ओएफडब्ल्यूबूट'. मग वरचंच 'रीसेट-ऑल'. बॅटरी मेलेली असेल तर वायर काढल्यावर हे विसरलं जाऊ शकतं. उद्यमबागेची चक्कर त्यासाठीच होती. आणि तारखेसाठीही : जुना मॅक १ जानेवारी १९०४ पासूनचे सेकंद मोजतो, बॅटरी नसली की तारीख भलतीकडेच जाते आणि नेटवरची सगळी प्रमाणपत्रं खोटी ठरतात.

रोजच्या कामात

छापखान्यातल्या विंडोजवरून मामांचा मुलगा विनएससीपी या फायली देणाऱ्या-घेणाऱ्या प्रोग्रामनं या यंत्रात शिरतो. लॉगिनला काही सेकंद जातात, जुन्या प्रोसेसरला आजचं कुलूप उघडायला तेवढा वेळ लागतोच. फायलींची नावं मराठीत, कन्नडमध्ये, कशीही देता येतात, विनएससीपीत ती नीट दिसतात. मात्र मॅकच्या स्वतःच्या काळ्या पडद्यावर यादी काढलीत तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतील. फायली शाबूत असतात, त्या पडद्याला आपली लिपी येत नाही इतकंच.

यूपीएस लावाच. या फाइलव्यवस्थेला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद, नाही. लाईट अचानक गेली की पुढच्या वेळी सगळी डिस्क तपासली जाते आणि ८० जीबीला त्यात बराच वेळ जातो. तपासणी स्वतःहून जमली नाही तर प्रणाली अडून बसते आणि हातानं करायला सांगते. तेव्हा एंटर मारून आत शिरायचं, 'एफएससीके', मोकळी जागा, वजा चिन्ह, 'वाय', आणि संपल्यावर रीबूट.

दुरुस्त्यांसाठी इंटेल यंत्रांवर चालणारी 'सिसपॅच' आज्ञा इथे नाही. नवी आवृत्ती निघाली की नवी सीडी जाळायची, तीच बूटची ओळ टाइप करायची आणि पहिल्या प्रश्नाला आयऐवजी यू द्यायचं. वर्षातून दोनदा. तोवर हे यंत्र राउटरच्या आतल्या बाजूलाच ठेवा, बाहेरच्या जगासाठी कोणतंही दार उघडू नका.

सुरू होताना दर वेळी लायब्ररी नव्यानं जुळवल्या जातात, त्यातही काही मिनिटं जातात. ते बंद करायची सोय आहे, पण मी केलेलं नाही. सकाळी मामा दुकान उघडून उदबत्ती लावतात, तेवढ्यात होतं.

बंद करण्यासाठी रूट होऊन 'हॉल्ट', मोकळी जागा, वजा चिन्ह, 'पी'. मामांनी ही ओळ पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लाल शाईनं लिहून पेटीवर चिकटवली आहे. माळ्यावरच्या डिस्कची २० जीबीची प्रतिमाही आता याच पेटीत, होममध्ये ठेवली आहे. परवा १९ वर्षांपूर्वीची एक पत्रिका तिच्यातून निघाली. त्या नवऱ्या मुलाच्या धाकट्या भावाचं लग्न होतं, आणि घरच्यांना तसलाच गणपती हवा होता.